मंगळवारचा स्टोव्हवर्ग

प्रत्येक घरात एक डबा असतो. त्यात सुटे स्क्रू, नट, वायसर, वायरीचे तुकडे पडलेले असतात. कशातले कोण जाणे! पण टाकून द्यायचा धीर कुणाला होत नाही. आमच्या मंगळवारच्या वर्गाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. एक काढायला जावं तर चार हाताला लागतात.

परवा नात विचारत होती, "आजी, तुझ्या वेळी घरातल्या वस्तू बिघडल्या की दुरुस्त कोण करायचं?"

म्हटलं, "आम्ही!"

ती हसली. मला राग आला. म्हणून हे सांगतेय.

डोंबिवली तेव्हा एवढीशी होती. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झालेली. स्टेशनच्या पूर्वेला आमच्या दोन-तीन आळ्या, पलीकडे भातशेती, पाणी विहिरीचं आणि घरोघर नुकतीच आलेली वीज. पुरुष मंडळी सकाळी मुंबईला ऑफिसात जायची ती दिवेलागणीनंतर परत. मधल्या वेळात आळीत पुरुष म्हणजे पोस्टमन आणि चार पेन्शनर. आणि स्टोव्ह काय, फ्यूज काय, बिघडायचे ते नेमके सकाळी अकरा वाजता!

एका दुपारी माझ्या शेजारच्या द्वारकाताईंच्या जावेचा, शकूचा, स्टोव्ह भडकला. द्वारकाताई मदतीला पुरुषमाणूस शोधत चार घरं धावल्या. कुणी नव्हतं. परत येईपर्यंत शकूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. जीव वाचला, पण दोन बोटं आखडली ती कायमची.

"मी चार घरं धावले गं कमल," द्वारकाताई मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. "आणि टाकीतली हवा सोडायचा स्क्रू माझ्या हाताशी होता. नुसता पिळायचा होता. मला ठाऊक नव्हतं!"

महिनाभर त्या रडल्या. मग एक दिवस तोच स्टोव्ह त्यांनी ओट्यावर घेतला आणि सगळा सुटा केला. परत जोडला. परत सुटा केला. आणि मला हाक मारून म्हणाल्या, "आपल्या आळीतल्या एकाही बाईने ह्यापुढे स्टोव्हसाठी पुरुष शोधत धावायचं नाही. मी शिकवणार."

जागा हवी होती. वाचनालयामागची खोली रिकामी पडलेली. वाचनालयाचे अध्यक्ष अण्णासाहेब, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली दिली. मंगळवारी दुपारी दोन ते चार.

"मात्र तीन तक्रारी आल्या की किल्ली परत!"

मी विचारलं, "तीनच का?"

"दोन चुकून येतात," अण्णासाहेब म्हणाले. "तिसरी येते ती खरी."

*

निपलचं, म्हणजे बर्नरच्या तोटीचं, बारीक भोक मोकळं करायच्या पिना आणि पंपाचे चामडी वायसर आणायला द्वारकाताई आणि मी कल्याणच्या बाजारात गेलेलो. दुकानदाराने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वहिनी, मिस्टरांना पाठवा. साइज बघून द्यावा लागतो."

"साइज मला माहीत आहे."

"पण बसवणार कोण?"

द्वारकाताईंची नजर खाली गेली. दुकानाच्या पायरीशी कुणा गिऱ्हाइकाचा स्टोव्ह दुरुस्तीला येऊन पडला होता. "ह्याचं काय झालंय?" त्यांनी विचारलं. "पंप धरत नाही. वायसर गेलाय," दुकानदार म्हणाला.

बाईंनी पदर खोचला आणि पायरीवर बैठक मारली! पंप उपसून काढला. टोकाचं चामडं सुकून आक्रसलेलं. शेजारच्या दुकानातून मला दोन थेंब खोबरेल मागायला पाठवलं. तेल चोळून, चामडं बोटांत मळून, कडा नखाने उलगडून पंप परत आत. तोवर आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमलेली. दहा दणके मारले, हवा धरली!

"नवा वायसर लागतच नाही ह्याला," द्वारकाताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "महिन्यातून एकदा खोबरेल लागतं."

दुकानदार धावतच काउंटरबाहेर आला. "वहिनी, हळू! आत या, खुर्चीवर बसा, हवे तेवढे वायसर घ्या. पण हे गिऱ्हाइकांना सांगू नका!"

*

वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या विद्यार्थिनी म्हणजे गोदाक्का. वय सत्तर, विधवा, आणि सोवळं इतकं कडक की सावलीसुद्धा बेताने पडायची. स्वतःचा स्टोव्ह घेऊन यायच्या. पहिल्या मंगळवारी आम्ही सहा जणींनी तो हाताळला, आक्का तो उचलून घरी गेल्या.

पुढच्या मंगळवारी तो स्टोव्ह पेटेना. फुरफुरतो, थुंकतो, विझतो. द्वारकाताईंनी पिन लावली, निपल बदललं, बर्नर उकळून काढला. काही नाही. शेवटी टाकीच उलटी केली. वर रॉकेल आणि खाली तांब्याभर पाणी!

"आक्का, ह्यात पाणी कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? विहिरीतून!" आक्का म्हणाल्या. "सहा जणींनी हात लावला. बाहेरून धुतला, तो आतून नको धुवायला?"

आम्ही हसून लोळलो. द्वारकाताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे आक्का. आजपासून तुमच्या स्टोव्हला कुणी हात लावणार नाही. मी माझ्यावर दाखवीन, तुम्ही लांबून बघून तुमच्यावर करा."

आणि आक्कांनी केलं! जन्मभर वाती वळलेली ती बोटं. निपल कुठे अडलंय ते त्या नुसत्या स्पर्शाने ओळखायच्या. दोन महिन्यांत अशा तरबेज झाल्या की आळीतले सगळे अडलेले स्टोव्ह त्यांच्या पडवीत जायला लागले. आक्का नाही म्हणायच्या नाहीत. पण परक्या स्टोव्हला हात लावला की आंघोळ. पुढच्या स्टोव्हला परत आंघोळ. विहिरीवर बायका विचारायच्या, "आक्का, आज किती झाले?" आणि आक्का ओलेत्याने काकडत सांगायच्या, "पाच! अजून एक राहिलाय!"

विहिरीच्या मालकाने अण्णासाहेबांकडे चिठ्ठी पाठवली. 'स्टोव्हवर्गामुळे विहिरीचे पाणी दोन पायऱ्या खाली गेले आहे.'

तक्रार पहिली.

*

ही तर काहीच नाही. दुसरी ऐका.

स्टोव्हनंतर आम्ही विजेकडे वळलो. मेन स्विचच्या लोखंडी पेटीत कधी कधी करंट उतरतो, म्हणून आधी कोरड्या लाकडी पाटावर उभं राहायचं आणि मगच हात लावायचा, हा पहिला धडा. आमच्यात नलू म्हणून एक नवी सून होती. तिच्या घरी फ्यूज गेला. पोरीने धिटाईने पाट आणला आणि भिंतीशी टाकला.

सासूबाईंनी पाहिलं. "थांब! पाट असा टाकतात का?"

त्यांनी ओलं फडकं घेऊन पाट स्वच्छ पुसला. नीट मांडला. भोवती रांगोळी काढली. दोन बोटं हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आता उभी राहा."

नव्या सुनेने बोलायचं काय? नलू ओल्या पाटावर उभी राहिली, पेटीला हात लावला आणि जो झटका बसला तो थेट रांगोळीत! लागलं काही नाही, फक्त हात झिणझिणला. सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन धावल्या. "दृष्ट लागली माझ्या पोरीला!"

सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी अण्णासाहेबांचं घर गाठलं. तक्रार दुसरी.

पुढच्या मंगळवारी स्वतः सासूबाई वर्गाच्या दारात! आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. त्या बसल्या आणि द्वारकाताईंवर कडाडल्या, "पाट पुसायचा नाही हे आधी सांगता येत नाही? तुमचं शास्त्र नवीन आहे, नीट सांगत जा!"

तेव्हापासून त्यांच्या घरी एक पाट खास विजेसाठी वेगळा ठेवलेला. अंगणात उन्हात वाळवलेला, त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. एक शंका मात्र त्यांनी त्या दिवशी जाताना विचारली.

"रांगोळी चालेल ना? ती कोरडी असते!"

*

माझंही सांगते, लपवून काय करायचं?

एका दुपारी ठाण्याहून माहेरची मंडळी यायची होती आणि आमचा फ्यूज उडाला. फ्यूजची तार संपलेली. तार बारीक हवी, वर्गात शिकवलेलं आठवत होतं. बारीक तार घरात कुठे असते? ट्रंकेत माझा लग्नातला शालू होता, काठाला विरलेला. पदरातून जरीचा एक धागा ओढला, फ्यूजला गुंडाळला, मेन चालू केला. दिवा लागला!

मंगळवारी मी हे वर्गात ताठ मानेने सांगितलं. द्वारकाताईंचा चेहरा लाल झाला. "बारीक म्हणजे मिळेल ती बारीक नव्हे! फ्यूजचीच तार, नेमक्या जाडीची! घर जाळायचंय का तुला? आत्ताच्या आत्ता जा आणि ते काढून टाक. ऊठ!"

मी तिथल्या तिथे उठले. पण दारातून म्हटलंच, "शालू देताना आई म्हणालेली, जर खरी आहे, अडीनडीला उपयोगी पडेल!"

*

त्यानंतर मी फ्यूज बांधण्यात इतकी पटाईत झाले की आमच्या ह्यांना करायला काही उरेना. ऑफिसातून आले की विचारायचे, "आज काही बिघडलं?" मी म्हणायचे, "बिघडलेलं, केलं नीट." तोंड एवढंसं व्हायचं.

एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. हे स्टुलावर चढलेले. मेन बंद केला, फ्यूज काढला, चांगली तार तोडली, फ्यूज जागेवर बसवला, मेन चालू केला. मग खाली उतरून ओरडले, "अगं, लाइट गेली! कुणी हात लावू नका, मी बघतो!"

अर्धा तास खाटखूट. लाइट आली. मी म्हटलं, "अय्या, आली!" दिवसभर स्वारी खुशीत.

द्वारकाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मग बोलली नाहीस?"

"छे! रविवारच्या रविवार चालतं. फक्त तारेची दोन बंडलं जास्त आणून ठेवली."

*

जवळच्या कोपर गावची सोनूबाई आमच्या आळीत भाजी घेऊन यायची. आगरी, घरची भातशेती, सासरा मिठागरावर राबलेला. एका मंगळवारी भाजीची टोपली खोलीच्या दारात उतरवून म्हणाली, "बाय, मना पन शिकव. माझे घरान वीज नाय, पन स्टो हाय." टोपलीत वांग्यांखाली स्टोव्ह होता!

दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाली, "ही पण बसणार आपल्यात?" द्वारकाताईंनी ऐकलं. म्हणाल्या, "तिचा हात भाजत नाही का?" आणि स्वतःशेजारी जागा केली. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला आणि आपल्याला आधी का सुचलं नाही याची लाजही वाटली.

त्याच दिवशी एक टाकी आम्हाला दाद देत नव्हती. हवा कुठून तरी गळत होती, पण कुठून ते सापडेना. साबणाचा फेस लावून झाला, कान लावून झाला. सोनूबाई बराच वेळ बघत होती. मग उठली, टाकी घेतली, बर्नरच्या नळीवर अंगठा दाबला, दुसरीला पंप मारायला सांगितलं आणि टाकी सरळ पाण्याच्या घंगाळात बुडवली.

"ह्या बघ, बुरबुऱ्या येतान!"

जुन्या कथलाच्या डागाशेजारी केसाएवढी चीर होती. आम्ही थक्क!

"खारीवर होरी गलते तवा असाच बघतान," ती म्हणाली. खाडीवरची गळकी होडी ते अशीच तपासायचे; तिच्यासाठी त्यात नवल काही नव्हतं.

द्वारकाताई म्हणाल्या, "आजपासून गळती सोनूबाई शिकवणार. बस गं, तुला पाट देते."

सोनूबाई दोन पावलं मागे सरली. "पाट नको बाय! तो झटका मारतं, सगले आलीन म्हाईत हाय!"

*

तिसरी तक्रार शेवटी आलीच. वाचनालयात दुपारी पेपर वाचायला बसणाऱ्या पेन्शनरांची. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आणि भिंतीपलीकडे आमचे आठ स्टोव्ह एकदम भर्रर्र! तीन सह्या होत्या.

"सह्या तीन असल्या तरी तक्रार एकच धरतो," अण्णासाहेब म्हणाले. माणूस न्यायाचा होता, तेच तर दुखणं!

रविवारी सकाळी दहाला कमिटीची मीटिंग. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून बसलो. गोदाक्का कुणाचा स्पर्श नको म्हणून कोपऱ्यात. शकू पदराखाली हात घेऊन बसलेली. दाराशी अण्णासाहेबांच्या पत्नी, माई. माई आमच्या वर्गाला कधी आल्या नव्हत्या आणि मीटिंगमध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. अण्णासाहेब चष्मा विसरले म्हणून तो द्यायला आल्या आणि तिथेच बसल्या.

द्वारकाताई उभ्या राहिल्या. "वर्षभरात आळीत सहा स्टोव्ह भडकले. सहाही वेळा बाईने हवा सोडली आणि मागे सरली. कुणी धावलं नाही. कुणी भाजलं नाही. तुम्ही म्हणाल, शिकल्यात ना सगळ्या, आता पुरे. पण दर महिन्याला कुणाच्या तरी घरी नवी सून येते. तिला कोण शिकवणार? माझ्या जावेचा हात मला परत करता येत नाही. दुसरीचा मी जाऊ देणार नाही."

शकू खाली मान घालून रडत होती, आणि मीही.

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. "बाईंच्या भावना समजतात. पण नियम म्हणजे नियम. आणि खरं सांगू? हे सगळं निष्काळजीपणाने होतं. मी रोज पहाटे स्वतःच्या हाताने स्टोव्ह पेटवतो, स्वतःचा चहा स्वतः करतो. अकरा वर्षं झाली! एकदा अडला नाही, एकदा भडकला नाही. पिन म्हणून लावावी लागली नाही मला. वस्तू नीट वापरली की बिघडत नाही. त्याला वर्ग कशाला हवा?"

पेन्शनरांनी माना डोलावल्या. अण्णासाहेबांनी हात पुढे केला.

"किल्ली."

द्वारकाताईंनी कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

तेवढ्यात माई उठल्या. सावकाश चालत टेबलापाशी आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करावा तसा हात मागे नेला आणि अंबाड्यातून काहीतरी उपसून किल्लीशेजारी ठेवलं. स्टोव्हची पिन होती. वापरून वापरून पत्रा काळा पडलेली.

"दर तिसऱ्या दिवशी लागते," माई म्हणाल्या, आणि स्वयंपाक राहिलाय म्हणून घरी गेल्या.

अण्णासाहेब पिनेकडे बघत राहिले. कमिटी अण्णासाहेबांकडे बघत राहिली. मग त्यांनी पिन उचलून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, एका बोटाने किल्ली द्वारकाताईंच्या बाजूला सरकवली, आणि चष्मा लावत सेक्रेटरींना म्हणाले,

"पुढचा विषय घ्या."